जिंकलेला डाव सोडला

पासली, मंगळवार, संध्याकाळ

परवा स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत मी जिंकलेला डाव बरोबरीत सोडला. उंटाचा बळी दिला की सहा खेळ्यांत मात होती. सगळ्या सहा दिसत होत्या, तरी मी बरोबरीसाठी हात पुढे केला. का? भीती नव्हती. जिंकून काय, एवढंच वाटलं, आणि तेही धड वाटलं नाही.

गणिताची पीएचडी अर्धी टाकून मी बुद्धिबळाकडे वळले तेव्हा आबा महिनाभर लेकीशी बोलले नव्हते. मी ग्रँडमास्टर झाले तेव्हा त्यांनीच बोकड कापून आख्खी वाडी जेवू घातली. म्हणून आज त्यांना सांगणं जड जाईल असं वाटलं होतं. ते शेळ्या बांधत होते, तिथंच सांगून टाकलं.

"आबा, मी आता स्पर्धा खेळणार नाही. भोरच्या कॉलेजात गणित शिकवायला बोलावलंय."

"हरलीस व्हय?"

"नाही. जिंकत होते."

त्यांनी दाव्याची गाठ आवळली. मग म्हणाले, "मंग बरं झालं. हरून आली असतीस, तर म्या परत धाडली असती."

रडू येईल असं वाटलं. आलं नाही. त्या सहा खेळ्या पुन्हा मोजल्या. बरोबरच होत्या.

कॉलेजला फोन करून सोमवारी येते म्हणून कळवलं. मागे वळले तर आबा दारात उभे.

"तुझा त्यो खेळ मला शिकिवशील का?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. मी पट मांडला. यातला राजा कुठला, हेही त्यांना माहीत नव्हतं.