जिथे पकडली तिथलीच ओळ

सोम, २ जून
विमा नूतनीकरणाची पत्रं काढणारा कॉम्प्युटरवरचा जॉब आज परत अर्धवट झाला. ऑपरेशन्सच्या राजूने सकाळी फोनवर पक्कं सांगितलं: काही विमेदारांची पत्रं निघालीच नाहीत. चुकीचा मेसेज तोच, कोडची ओळ तीच, ४१२०. त्या भागात शेवटचा बदल आमच्या टीममधल्या प्रतिभाचा. एवढ्यावर अविनाशने (मॅनेजर, माझ्या हाताखाली शिकलेला) क्लायंट विमा कंपनीला मेल टाकला: चूक प्रतिभाच्या कोडमध्ये. शोधलं कोणी? कोणीच नाही.

मंगळ, ३
४१२० ही चूक पकडणारी ओळ. चूक तिथे घडत नाही. एक प्रोग्राम दुसऱ्याला बोलावतो, तो तिसऱ्याला; कुठेही बिघडलं तरी उडी थेट या भागात, आणि हा भाग मेसेजात स्वतःचाच पत्ता छापतो. आग कुठे लागली ते नाही, बंब कुठे उभा आहे ते सांगतो. प्रतिभाने तिथे फक्त मेसेजचे शब्द बदलले होते. अविनाशला दोनदा समजावलं. म्हणाला, "सर, क्लायंटला थिअरी नको, नाव पाहिजे."
संध्याकाळी क्लायंटचं उत्तर: सोमवारपासून तिला प्रोजेक्टवरून काढा. प्रतिभा सावनेरहून रोज एसटीने येते. आज डबा उघडला आणि तसाच बंद केला.

बुध, ४
उपाय सोपा. टेस्टमध्ये पकडणारा भाग बंद करायचा, जॉब मध्येच बंद पडू द्यायचा. पडला की डंप निघतो, म्हणजे त्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची नोंद; त्यात खरी जागा. पण आमच्याकडे जॉब पडणं म्हणजे पाप. पडलेल्यांचा तक्ता अविनाशच्या अप्रेझलला जोडतात, टेस्टमधलेसुद्धा. म्हणून वर्षानुवर्षं सगळं झाकत आणलं. जॉब पडत नाही, खोटं बोलतो. अविनाशची परवानगी नाही. त्यावर तोंडात आलेले शब्द इथेही लिहीत नाही.

गुरु, ५
राजू आणि मी एकाच वर्षी लागलो. त्याला सगळं सांगितलं.
"काहून इतका तापून राहिला गा? लावतो मी. आपल्याले कोणतं अप्रेझल मिळून राहिलं?"
दुपारी त्याने पकडणारा भाग बंद करून जॉब टेस्टमध्ये लावला. पडला. जॉब पडल्याचा आनंद पहिल्यांदाच झाला. डंपमधला पत्ता लिस्टिंगवर, म्हणजे छापलेल्या कोडवर, जुळवत गेलो, प्रतिभा शेजारी. तिसरा प्रोग्राम, वय काढणारा. जन्मतारीख कोरी आली की कोसळतो. त्याला प्रतिभाने कधी हातच लावलेला नाही. ती ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत बसली.

शुक्र, ६
अविनाशला डंप दाखवला. पहिला प्रश्न: जॉब पाडला कोणी? मी, म्हणालो. मग म्हणाला, छान, दुरुस्त करून टाका. आणि तो मेल? ते नंतर बघू.
प्रतिभा तिथेच उभी. "नंतर म्हणजे मी गेल्यावर का, सर?"
त्याने लॅपटॉप ओढून दुसरा मेल उघडला.
ओरडावंसं वाटलं, ओरडलो नाही. डंप, लिस्टिंगचं पान आणि चार ओळी थेट क्लायंटला, अविनाशला प्रत. शेवटची ओळ: प्रतिभाचा या चुकीशी संबंध नाही.

शनि, ७
क्लायंटकडून काही नाही. अविनाशचा निरोप आला: सोमवारी अकराला कॉल, तुम्ही यायची गरज नाही.
दुपारी प्रतिभाचा फोन. "सर, एसटीचा पास संपून राहिला. काढू का पुढचा?"
काढ, म्हणालो.
दुरुस्त प्रोग्राम राजू सोमवारी सकाळी लावेल. अकराच्या आधी मी कॉलच्या खोलीत बसलेला असेन.