उघडे खड्डे

४ सप्टेंबर

पोहोचलो एकदाचे! दोन दिवस ट्रकच्या केबिनमध्ये बसून बाबांची कंबर आखडली, पण माझी जीभ काही आखडली नाही, असं ड्रायव्हरचं म्हणणं. स्वतः रस्ताभर बेसूर गात होता, ते मात्र आम्ही दोघांनी मुकाट सोसलं. शेवटच्या टप्प्यात तर रस्ता आहे असं नुसतं समजून चालायचं होतं.

वस्ती छोटी आहे. लाकडी घरं, समोर गोट्यांनी भरलेली नदी आणि मागे लांबच लांब उतार. त्या उतारावर रानात आपोआप कंद येतात. कोणी पेरत नाही, पाणी घालत नाही. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच जगली आहेत. थंडीत रस्ता बंद होतो, आणि गेली काही वर्षं हिवाळा संपता संपता वस्तीत उपासमार होते आहे. म्हणून मग संस्थेने इथे शीतगृह बांधलं आणि ते चालवायला मला पाठवलं. माझं पद अन्नसुरक्षा अधिकारी. बाबा मला कोठारवाली म्हणतात.

घर झकास आहे. दोन खोल्या, लोखंडी शेगडी, एक डुगडुगणारं टेबल, आणि भिंतीला भिंत लावून माझी थंड खोली. जनरेटरची घरघर दिवसभर ऐकू येते. बाबा म्हणाले, तुझ्या आईचं घोरणं याहून बरं होतं. आई गेल्यापासून त्यांनी केलेला हा पहिला विनोद.

इथे तरी खरं लिहायला हरकत नाही. आई गेली तेव्हापासून बाबांचं खाणं सुटलं आहे. दोन घास घेतात आणि ताट सरकवतात. डॉक्टर म्हणाले की दुखणं काही नाही, पण असंच चाललं तर फार दिवस निघायचे नाहीत. भाऊ म्हणाला, अशा माणसाला घेऊन तिकडे जायला तुला वेड लागलंय का. पण जागा बदलली, हवा बदलली, तर भूक लागेल अशी मला आशा आहे. वस्तीचं भलं व्हावं हे आहेच. पण बाबांनी पोटभर जेवावं हे त्याच्याही आधी.

९ सप्टेंबर

आज खणायला गेले होते. खणणाऱ्या बायकांच्या पुढे एक म्हातारी असते, तिला सगळे मोठी आई म्हणतात. हात कामाने राठ झालेले, आणि जिभेला हाड नाही. माझे बूट बघून तिने विचारलं, लग्नाला निघालीस का.

त्यांची खणायची रीत फार नाजूक आहे. कंद उपटायचा नाही. काठीने बाजूची माती सैल करायची, कंदाचा खालचा अर्धा भाग कापून घ्यायचा आणि देठाकडचा अर्धा होता तसा परत बसवायचा. मग खड्डा बुजवायचा, तोही पायाने नाही, दोन्ही तळव्यांनी दाबून. बुजवून झालं की हात लगेच उचलायचे नाहीत. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावेत तसे जरा वेळ तिथेच ठेवायचे.

मी विचारलं, असं का? मोठी आई म्हणाली, माझी आई करायची म्हणून. बाकीच्यांनाही याहून जास्त काही माहीत नव्हतं. वस्तीचा सुतार हुशार आणि गप्पिष्ट माणूस आहे. तो म्हणाला, पूर्वी साठवायला जागा नव्हती, म्हणून अर्धं जमिनीतच ठेवायचे. आता एवढी खोली बांधून दिली आहे, तर अर्धं मागे कशाला ठेवायचं? मी अगदी हेच बोलणार होते! संध्याकाळी सगळे बसले आणि एकमताने ठरलं. या वर्षी कंद अख्खे काढायचे आणि थंड खोलीत भरायचे. कोणी तोंड वाकडं केलं नाही. मोठी आई तर म्हणाली की आयुष्यभर वाकून खड्डे बुजवले, आता माझे गुडघे तुला दुवा देतील.

आणि मुख्य बातमी. बाबांनी आज एक अख्खा उकडलेला कंद मीठ लावून खाल्ला. मी बघते आहे हे दिसू नये म्हणून मी पाठ करून भांडी घासत बसले.

२१ सप्टेंबर

खोली छतापर्यंत भरत आली. परत बसवायला अर्धा कंदच नाही, त्यामुळे खड्डे बुजवण्यात कोणी वेळ घालवत नाही. कामाला नुसता वेग आला आहे. खिडकीतून बघितलं तर उतारभर खड्डेच खड्डे दिसतात. दिसायला चांगलं दिसत नाही, पण शोभेसाठी थोडंच आलोय आम्ही.

बाबा तीनदा वाढून घेतात! ट्रक पुन्हा येऊन गेला, तेव्हा ड्रायव्हरकडे भावासाठी निरोप दिला की बाबा आता मला खायला शिल्लक ठेवत नाहीत. माझा जीव भांड्यात पडला आहे.

३ ऑक्टोबर

काहीतरी चुकतंय. बाबा सकाळपासून खात असतात आणि तरी त्यांची पँट कमरेवर राहत नाही. पट्ट्याला मी चाकूने नवीन भोक पाडून दिलं. पुन्हा सैल झाली.

एकट्या बाबांचं असं नाही. सुतार म्हणतो की पोटात कावळे ओरडायचे थांबतच नाहीत. बायका म्हणतात, चुलीवरचं भांडं उतरवायला मिळत नाही. आधी सगळे यावर हसायचे. आज थंड खोलीच्या दारात रांग होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मी काही कंद चिरून, हुंगून, चाखून पाहिले. कीड नाही, वास नाही, चव चांगली. मी आत्ताच जेवले आहे. भरपूर जेवले आहे. आणि हे लिहिताना माझं लक्ष शेगडीवरच्या पातेल्याकडे आहे.

११ ऑक्टोबर

दुपारी सुतार सापडला. सकाळपासून दिसला नव्हता. उतारावर एका खड्ड्यात गुडघ्यापर्यंत उतरून उभा होता. भोवतीची माती त्याने स्वतःच ओढून घेतली होती. डोळे मिटलेले, चेहरा तृप्त. मी हाक मारली तेव्हा म्हणाला की इथे भूक लागत नाही. मी चेष्टा समजून हसले. मोठी आई हसली नाही.

मी, मोठी आई आणि त्याची बायको, अशा तिघींनी त्याला ओढून काढलं. तो निघेना. आणि निघाला तेव्हा त्याच्या तळपायांना पांढरे केस होते. बारीक, ओले, दाट. केस नव्हते ते. मी कंद इतके हाताळले आहेत की मुळं ओळखायला मला वेळ लागत नाही. काही तुटून मातीत राहिली होती आणि त्या जागी रक्त येत होतं. वस्तीपर्यंत तो लहान मुलासारखा भूक, भूक म्हणून रडत आला.

संध्याकाळी तो परत तिथेच होता. शेजारच्या खड्ड्यांत त्याची बायको आणि भाऊ.

१६ ऑक्टोबर

ट्रक आला. शेवटची खेप. बाबांना बळेच केबिनमध्ये बसवलं, शेजारी मी बसले. थंड खोलीची किल्ली मोठ्या आईच्या हातात दिली आणि निघालो. हो, पळाले. वस्तीला टाकून पळाले. लाज वाटली, पण बाबांपुढे मला काही सुचत नव्हतं.

नदी ओलांडेपर्यंत ठीक होतं. वळणानंतर बाबा ओरडायला लागले. असं ओरडणं मी कधी ऐकलेलं नाही. ड्रायव्हरने आपला डबा पुढे केला, तो त्यांनी कागदासकट संपवला. मग स्वतःचा हात चावायला लागले. मनगटाला दात लागले. मी ड्रायव्हरला म्हटलं, वळव.

वस्तीत येताच ते शांत झाले. ड्रायव्हर काही ट्रकमधून उतरला नाही. त्याने इथलं कधी काही खाल्लेलं नाही, स्वतःचा डबा आणतो. रस्ता उघडेपर्यंत येणार नाही म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

१९ ऑक्टोबर

सगळं परत करायचं ठरवलं. घेतलं ते तिथे नेऊन ठेवायचं, एवढं तरी आपल्या हातात आहे असं वाटलं. चालता येतं अशा सगळ्यांनी टोपल्या भरून उतारावर नेल्या. एकेका खड्ड्यात कंद ठेवला, माती लोटली, तळव्यांनी दाबली.

कंद गोठलेले होते. दुपारच्या उन्हात वितळले आणि त्यांचा काळा चिखल झाला. त्यांच्यात जीव राहिलेला नाही. थंडीने मेले आहेत ते. माझ्या खोलीत, माझ्या हाताने. मातीने ते ठेवून घेतलेच नाहीत. दाबलेली माती फुगून वर येत होती आणि काळं पाणी बाहेर टाकत होती. मोठी आई एका खड्ड्यावर हात ठेवून बसून राहिली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर.

परत येताना मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, तुझं एकटीचं नाही, सगळ्यांनीच हो म्हटलं होतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ ऑक्टोबर

आज दार उघडं होतं. बाबा उतारावर — मला माहीतच होतं. कमरेपर्यंत आत. चेहऱ्यावर रंग आलेला. आई असताना रविवारी जेवून आरामखुर्चीत बसायचे, अगदी तसे.

मी ओढलं नाही. सुताराचे तळपाय पाहिले आहेत मी.

म्हणाले, पोट भरलं गं. इतक्या दिवसांनी भरलं. म्हणाले, तू मात्र उतरू नकोस. मला शपथ घातली. मग म्हणाले, थंड वारं लागतंय, माती नीट दाब.

मी दाबली. छातीपर्यंत. दोन्ही तळव्यांनी.

२७ ऑक्टोबर

सगळे आपापल्या पायांनी जातात. दाबून द्यायला कोणीतरी लागतं, म्हणून मला बोलावतात. मुलांना आया आधी उतरवतात. मी दाबते. नाही म्हणून पाहिलं — मग ते तसेच उघड्यावर रडत राहतात, ते ऐकवत नाही.

बाबांची मान अजून वर आहे. आज मला ओळखलं नाही. हसले मात्र.

३० ऑक्टोबर

मोठी आई शेवटची. उतरण्याआधी माझ्या बुटांकडे बघत राहिली.

बाबा दिसत नाहीत. ती जागा सपाट आहे. मी दगड ठेवला आहे खुणेला.

६ नोव्हेंबर

जनरेटर बंद केला. कोणासाठी चालवायचा. खोलीत शिरले आणि तळाशी उरलेलं, वितळून काळं झालेलं ओंजळीने खाल्लं. खूप खाल्लं. काही नाही. आत काही पोचतच नाही.

पट्टा — बाबांचा पट्टा लावते आता. आतल्या भोकाला.

१३ नोव्हेंबर

उतारावर कोंब आले आहेत. या दिवसांत येत नाहीत, तरी. प्रत्येक जागेवर एक. बाबांच्या दगडाला टेकून एक आहे, लालसर, जाड. फार छान वाटलं बघून. तिथे बसून रडले.

वास येतो. मीठ लावून उकडलेल्या —

नाही.

१५ नोव्हेंबर

गेले नाही आज. दाराला आतून टेबल लावलं. पेन्सिलीचं लाकूड चावते आहे. शपथ घातली आहे त्यांनी, उतरायचं नाही. उतरणार नाही. उतरायचं नाही एवढंच म्हणाले होते. खणायचं नाही असं काही —

१८?

काठी घेऊन आले आहे. इथेच बसून लिहिते, लिहीत राहिलं की हात थांबतो.

खालचा अर्धा घ्यायचा. देठाकडचा ठेवायचा. त्यांना कळणारही नाही. बाबांनी स्वतःच्या ताटातलं मला नेहमीच —

माती फार मऊ आहे. काठी रोवून ठेवली. जरा दम घेते. वहीत एवढं लिहून मग

काठी खाली जाते आहे. मी हात लावलेला नाही. हळूहळू — कोणीतरी खालून हातावर हात टाकत ओढावी तशी — आता टोकच दिसतंय. माझ्या पायाशी माती हलते आहे. बाबा, मी आहे, मी, तुमची — घोटा धरला. घट्ट नाही, प्रेमाने धरलाय. आणि भूक, देवा, भूक थांब