अल्युमिनचं इंजिन

२ सप्टेंबर १९७४

पेटी आली एकदाची. स्टेशनावरून आमच्या धुळा गड्याच्या बैलगाडीतून आणली. ओढ्यात चाक रुतलं तर आमचा धाकटा भाऊ नाथाजी बुटांसकट पाण्यात उतरला. आठ वर्षांनी अमेरिकेहून आला तेव्हा आईच्या पाया पडताना डोळ्यांतून टिपूस नाही, आणि पेटी कलंडली तर रडकुंडीला आला. मला राग आला. इथं लिहिते, कारण बोलले तर आई मलाच फाडून खाईल.

५ सप्टेंबर

शाळेतून आले तर पेटी उघडलेली. आत इंजिन. आमच्या विहिरीवरच्या डिझेलसारखं काळं, तेलकट नव्हे — पांढरंफटक, नव्या अल्युमिनच्या पातेल्यासारखं. वर आठ कर्णे उभे, तोंडं आभाळाकडे. त्यातून ते हवा ओढतं म्हणे.

आईनं लांबूनच हात जोडले. म्हणाली, "देवासारखं दिसतंय गं." नाथाजी हसला नाही. हल्ली तो हसतच नाही. भाकरी चतकोर खातो आणि ताटाकडे बघत बसतो.

११ सप्टेंबर

आज कळलं सगळं. तुकड्यातुकड्यानं सांगितलं त्यानं, मी तांदूळ निवडत होते तेव्हा.

तिकडे शर्यतीच्या मोटारी असतात. जमिनीला घासून जाणाऱ्या, बसक्या. इंजिन केवढं असावं, किती ताकदीचं, याला धरबंधच नाही. म्हणून जो तो नवीन काहीतरी करून बघतो. कुणी गाडीला विमानासारखा पंख लावला. कुणी धुराच्या जोरावर चक्र फिरवून इंजिनात हवा कोंबली. आमच्या नाथाजीनं वजन कमी केलं. पिस्टन ज्या नळीत खालीवर होतो ती नळी लोखंडाची असते. यानं ती काढूनच टाकली. पिस्टन सरळ अल्युमिनवर घासणार. सगळे म्हणाले टिकणार नाही. हा म्हणाला टिकेल.

गाडी चालवणारा डॅनी नावाचा पोरगा होता. शर्यतीत ऐन जोरात इंजिन जाम झालं. मागची चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी भिंतीवर गेली. डॅनी जागेवरच संपला.

चौकशीत म्हणाले, अल्युमिन टिकलं नाही. नाथाजी म्हणतो, तेलाची नळी तुटली असणार, तेल पोचलंच नाही, मग कुठलंही इंजिन जाम होईल. पण गाडीचा कोळसा झाला होता, दाखवणार काय? तेवढ्यात तिकडे पेट्रोलची टंचाई आली आणि मालकानं तो खटाटोपच बंद केला. त्याच साच्यात ओतलेलं दुसरं इंजिन होतं, ते हा भंगारातून उचलून इथं घेऊन आला.

"हे शर्यतीयेवढा वेळ पुऱ्या जोरानं पळालं, तर माझा दोष न्हाई, आक्का. न्हाई पळालं, तर डॅनीला मी मारला."

मी म्हटलं, आणि पळालं तर तो उठून बसणार आहे का? बोलून गेले. तो तसाच उठून मळ्यात गेला.

जीभ हासडून टाकावी माझी.

२० सप्टेंबर

सांगलीहून चांदसाहेब मिस्त्री आले. आमचे वडील, दादा, होते तेव्हापासून आमच्या इंजिनाचं तेच बघतात. म्हातारे झालेत, पण हाताला कंप नाही. पांढऱ्या इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "भाऊसो, ह्याला लोखंड कुटं हाय?" नाथाजीनं सांगितलं. चांदसाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आमी असलं धाडस केलं नसतं बगा." मग दोघं संध्याकाळपर्यंत ओणवे होऊन बसले. आज नाथाजी दोन भाकऱ्या जेवला. मीही आज पोटभर जेवले.

६ ऑक्टोबर

विहिरीच्या काठाला सिमेंटचा चौथरा बांधला. इंजिनाला मोठा पंप जोडलाय — नुसतं मोकळं पळवून उपयोग नाही, त्याला ओझं पाहिजे म्हणे. पाणी पाटानं उसाला जाईल. शर्यतीचं इंजिन आमचा ऊस भिजवणार! इकडचं पेट्रोल त्याला पचत नाही, म्हणून रंगाच्या कारखान्यात वापरतात तसलं काहीतरी मिसळायला मुंबईहून आणलंय. मळाभर उग्र वास सुटलाय. धोंडुबाई शेजारीण नाकाला पदर लावून विचारत होती, पोरगं दारू गाळतंय का काय?

नाथाजी दसऱ्याला इंजिन सुरू करणार. मुहूर्त आईचा.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी कोयते, विळे, कुदळ, वजनकाटा, माझी शिवणाची कात्री — सगळं धुऊन ओळीनं मांडलं. दादा गेल्यापासून ही पूजा आईच करते. मग विहिरीवर गेलो. नाथाजीनं आधीच आठही कर्ण्यांची तोंडं फडक्यानं गच्च बांधून ठेवली होती. म्हणाला, "आई, वर काय बी टाकू नगंस. खाली पूज." आई म्हणाली, "मला काय कळत न्हाई व्हय?" चौथऱ्यावर विड्याची पानं, सुपाऱ्या, सव्वा रुपया, झेंडूचा हार. नारळ लांब नेऊन फोडला. आज अवजाराला हात लावायचा नाही, म्हणून सगळं तसंच ठेवून परत आलो.

आई वाटेत म्हणाली, "उद्या माजं पोरगं सुटंल बग ह्यातनं." तिला डॅनीचं कुणी सांगितलेलं नाही. तरी तिला कळलंय.

२५ ऑक्टोबर, दसरा

लिहवत नाही.

२६ ऑक्टोबर

काल नाथाजीनं फडकी काढली आणि सगळ्यांना बांधाच्या पलीकडे पिटाळलं. फुटलं तर तुकडे लागतील म्हणाला. इंजिनापाशी तो एकटा. चांदसाहेबसुद्धा आमच्यात.

सुरू झालं. असला आवाज मी जन्मात ऐकला नाही. छातीत हादरे बसत होते. बैलांनी दावी ओढली, आंब्यावरचे कावळे उडाले ते परत आलेच नाहीत. पाटाला पाणी असं लोटलं की बांध फुटतो की काय! चांदसाहेब डोळे मिटून ऐकत होते. "लय ग्वाड चाललंय," म्हणाले. उन्हं कलायला लागली तरी चाललंच होतं. मी मनात म्हणत होते, पळ बाबा, आणखी थोडं पळ. नाथाजी एकदा वाकला, काटे बघितले, परत उभा राहिला.

मग ठाणकन आवाज आला. लोखंडावर घण बसावा तसा. आणि सगळं थांबलं.

त्यानं काही तपासलं नाही. चौथऱ्यावर बसून राहिला. मी गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं." घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला तो अजून तसाच आहे.

२९ ऑक्टोबर

पाणीसुद्धा पीत नाही. आई त्याच्या पायाशी बसून आहे. विहिरीला कडी-कुलूप घालता येत असतं तर घातलं असतं. शाळेत पोरांवर उगीच ओरडले.

१ नोव्हेंबर

मीच चांदसाहेबांना बोलावून घेतलं. म्हटलं, उघडा ते. त्यांनी दिवसभर खोललं आणि संध्याकाळी मला एकटीला विहिरीवर बोलावलं. तळहातावर काळी, चेचलेली फोड.

सुपारी.

एका कर्ण्यातून आत गेली, झडपेत अडकली, झडप मिटली नाही, पिस्टन तिच्यावर आदळला. "मशीन आपल्या मरणानं न्हाई गेलं, बाई."

मी विचारलं, आणि अल्युमिनच्या नळ्या? त्यांनी बॅटरीचा उजेड आत धरला. "चरे हैत. पर मोडक्या झडपंचे तुकडं फिरल्यावर पडायचेच की. आता त्यातनं काय वळखू येणार?" फडकी तर गच्च बांधली होती. मग गेली कशी? "फडकी सोडताना कर्ण्याच्या काठावर ऱ्हायली आसंल, मग हादऱ्यानं आत पडली. म्हातारीला नका सांगू."

मी धावत घरी आले आणि नाथाजीला सांगितलं. सुपारी त्याच्या हातात ठेवली. तो उठून बसला. कितीतरी वेळ त्या फोडीकडे बघत होता. मग रडला — मोठ्यानं, लहानपणी रडायचा तसा. मी त्याला पोटाशी धरलं. गेलं ओझं, गेलं.

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

१५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. नाथाजी जेवतो, हिंडतो. मालकाला अमेरिकेला सगळं सविस्तर कळवलं.

आईनं देवपूजा सोडली. पाडव्याला सुद्धा देवाला हात लावला नाही. "माज्या हाताला इख हाय," म्हणते. किती समजावलं — म्हटलं, वाऱ्यानं उडाली असेल, कावळ्यानं टाकली असेल. ऐकत नाही. "म्या ठिवली हुती न्हवं? मग माजीच."

१२ डिसेंबर

थंडी लय. आईला खोकला धरलाय. औषध तोंडातून ओघळू देते. नाथाजी तिच्याजवळ फार वेळ बसत नाही, पाच मिनिटांत उठून मळ्यात जातो. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. ती तुझ्यापायी झिजतेय, आणि तुला बसवत नाही? तो मान खाली घालून मळ्याकडे चालू लागला.

३ जानेवारी १९७५

तिकडून उत्तर आलं. सुपारी म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, पण बाहेरची वस्तू आत गेली एवढं पुरलं. म्हणतात, परत ये. एक नवा मालक तसंच इंजिन पुन्हा करून बघायला तयार आहे. गाडी चालवायला पोरगाही बघितलाय.

आईला वाचून दाखवलं. तिनं नाथाजीचा हात धरला. "माज्यापायी तुजं वाटुळं व्हता व्हता ऱ्हायलं रं. मला माफी कर."

नाथाजी म्हणाला, "आसू दे, आई."

१९ जानेवारी

आई गेली. पहाटे. शेवटपर्यंत मूठ मिटलेली, कशाला हात लावायला तयार नव्हती.

२ फेब्रुवारी

तेरावं झालं. पाहुणे गेले. घरात मी आणि नाथाजी. त्याचं तिकीट आलंय. जा म्हटलं, सुखानं जा, तिला तेच हवं होतं. मला एकटीला जमेल. जमलंच पाहिजे.

९ फेब्रुवारी

आज नाथाजी गेला. सांगलीच्या एसटीत बसला, खिडकीतून माझा हात धरला आणि हळूच म्हणाला, "आक्का, सुपारी म्या टाकली. तेलाची नळी धड हुती, तरी तेलाचा काटा पडाया लागला हुता. डॅनीच्या येळंला पडला आसंल तसाच."

कंडक्टरनं घंटी मारली. एसटी सुटली.