टोक पहाटे ओलांडू

प्रिय नेहिर,

परवा तुझ्या बाबांनी आमची शिडाची बोट जुलैत आठवडाभरासाठी भाड्याने मागितली आणि माझं सगळं बदललं. मामाने मार्ग आखायचं काम माझ्यावर टाकलं. मला मात्र तुझ्या बाबांचं तेच वाक्य आठवत होतं, की कॉलेज अर्धवट टाकून दोर ओढणाऱ्याला मी मुलगी देणार नाही. म्हणून बोझबुरुनचं समुद्रात घुसलेलं उघडं टोक मी मुद्दाम भर दुपारी ओलांडायचं ठरवलं. त्या वेळी तिथे असा वारा सुटतो की ते कठड्याला धरून ओकत बसले असते.

मामाने नकाशा बघितला. "लेका, पाहुण्यांना फिरवायचंय की सूड घ्यायचाय? त्यांची पोरगीही बोटीवर असणार."

"नेहिर येतेय?"

"बाबांच्या हातातून फोन घेऊन तिनेच विचारलं, तुमचा भाचा अजून बोटीवर असतो का. मी म्हटलं, असतो, पण डोकं तापलेलंच असतं. हसली. म्हणाली, ठाऊक आहे मला, त्यालाच ठेवा. पण तू असा मार्ग आखणार असशील तर मी तुझ्याऐवजी दुसरा खलाशी घेईन."

आता टोक पहाटेच ओलांडू, पाणी सपाट असताना. बाबा उठतील तेव्हा बोट पाइनच्या सावलीत नांगरलेली असेल. मी त्यांच्यासमोर चहा आणि ऑलिव्ह ठेवेन, आणि तुझा हात थेट त्यांच्याकडेच मागेन, तुझ्यादेखत.

सगळं तिथेच समोरासमोर बोलेन, म्हणून हे पत्र पाठवत नाही. नवा नकाशा बघायला मामा धक्क्यावर खोळंबलाय. तो घेतलाय, दार ओढून निघतो.

तुझाच,
तुंजाय