सेल्फ आणि रंगाचे चार हात

३ फेब्रुवारी, सकाळी
ट्रॅक्टरला लाल रंगाचा पहिला हात दिला. ह्यांचा ट्रॅक्टर. हे गेल्यापासून शेडमध्ये पडून होता, सीटवर कोंबड्या बसायच्या. आता मुलगा आणि सून मिळून दुरुस्त करताहेत. २२ तारखेला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. मुलगा म्हणाला, जो सेल्फवर चालू करेल तोच तिथं चालवत नेईल. मी म्हटलं, मग मीच. सून हसली. हसू दे. शाळा चौथीपर्यंत असली तरी डोकं काय शाळेनं दिलेलं नाही.

५ फेब्रुवारी
सेल्फ मारला. घर्र… घर्र… गप्प. माझी थोरली जाऊ जिना अशीच चढते. तिसऱ्या पायरीवर बसते आणि तिथूनच सगळ्यांच्या चौकशा करते. असो. दोष बॅटरीचा, मी लांबूनच ओळखलं.

७ फेब्रुवारी
नवी बॅटरी. तरी घर्र. दुकानदारानं जुनीच पुसून दिली असणार. वायरिंगवाल्यानं मीटर लावला, म्हणे बॅटरी फुल आहे. सेल्फ खोलून घेऊन गेला.

९ फेब्रुवारी
जागा रिकामी होतीच, म्हणून सेल्फ बसतो तिथं आतून दोन हात मारले. जिथं नजर जात नाही तिथंच गंज चढतो. सुनेला हे कोण सांगणार.

१२ फेब्रुवारी, दुपारी
सेल्फच्या आतले झिजलेले कार्बन बदलून आणले. टेबलावर भिंगरीसारखा फिरला, ट्रॅक्टरला बसवला की म्हातारा. मग वायरिंगवाल्यानं बॅटरीतून ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडलेली अर्थ वायर काढली, तिच्या बोल्टाखाली जरा घासलं, आणि सेल्फ बरा फिरला. टाकीत डिझेल नव्हतं, म्हणून उद्या येतो म्हणाला. तो गेल्यावर पाहते तर माझा रंग खरवडून रुपयाएवढं लोखंड उघडं. मेहनतीची किंमतच नाही लोकांना. पान्यानं बोल्ट सोडला, एक हात दिला, वायर होती तशी घट्ट आवळली. कुणाला सांगायची गरज नाही.

१३ फेब्रुवारी
डिझेल आलं. घर्र. वायरिंगवाल्याचं तोंड एवढंसं झालं. मी समजूत घातली, बाबा, एखाद्याच्या हाताला गुण नसतो. चहात साखर जास्त घातली त्याच्या.

१७ फेब्रुवारी
बसवत नाही. सकाळपासून सहा वेळा शेडमध्ये जाऊन आले. नणंदेला फोन करून सांगितलंय, मी चालवत येणार, मैदानाच्या फाटकाशीच उभी राहा. तिनं विचारलं, चालू होतो का. म्हटलं, होण्यातच आहे. क्लचला पाय पोचत नाही, त्याला फळी बांधली. फळीला पण लाल.

२० फेब्रुवारी
आज सून बराच वेळ अर्थ वायर हातात धरून बसली होती. मुलाला सेल्फ मारायला लावायची. म्हणाली, या टोकालाच गरम होतेय. बोल्ट काढला. खाली लाल रंग. तिनं नख रोवलं, तर नखाला लागला. विचारलं, आई, वायरिंगवाल्यानं घासलं होतं ना इथं? मी म्हटलं, हवा दमट आहे. ती मुलाला म्हणाली, रंगातून करंट कसा जाणार. पॉलिशपेपरनं ती जागा आणि सेल्फची बैठक चकचकीत केली, वायर लावली, स्वतःच बटण दाबलं. पहिल्या फटक्यात. शेडचे पत्रे थरथरले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी
सुनेनं चालवला. मी मडगार्डवर. नणंद फाटकाशी होतीच. सगळ्यांदेखत ओरडून विचारते, तू चालवणार होतीस ना? म्हटलं, हिला शिकवतेय. सून हे ऐकूनही गप्प राहिली, पोरगी गुणाची आहे. इतकी माणसं बघायला आली, जीव सुपाएवढा झाला. एक परीक्षक म्हणाले, रंग फार जाड आहे. त्यांना काय कळतं.
घरी आल्यावर मुलानं ब्रश आणि रंगाचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी का म्हणून विचारलं नाही. किल्ली सुनेच्या कमरेला आहे.