न केलेल्या तपासणीची सही

प्रिय मास्तरीणबाई,

तू लाल पेन घेऊन माझ्या चुका काढशील, या धाकाने मी तुला कधी चार ओळींच्या वर लिहिलं नाही. पण फोनवर तू रडतेस आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. म्हणून आज कागदच बरा. घास अजून अडकतोच. शेजारचा शिंपी रोज सूप आणून देतो. ते इतकं बेचव असतं, की अडकलं असतं तरी बिघडलं नसतं.

तुला लिफ्टच्या मशीनची खोली आठवते? मी तारेच्या दोरावरून चिंधी फिरवायचो आणि तू बॅटरी धरायचीस. एखादी बारीक तार तुटलेली असली तर डोळ्यांना दिसत नाही, चिंधी मात्र तिथे अडकते. वरच्या मजल्यावरचे लोक करवादायचे, चांगली चालतेय तर बंद कशाला ठेवता म्हणून. मी दाद द्यायचो नाही. छत्तीस वर्षांत चिंधी फिरवल्याशिवाय तपासणीच्या कार्डावर सही केली नाही. हे तू वर्गात मुलांना सांगतेस म्हणे. आता सांगू नकोस.

दोन वर्षांपूर्वी त्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर अन्ननलिका काढून दाखवली. आतलं अस्तर बदललंय, आज कॅन्सर नाही, पुढे होऊ शकतो, म्हणाल्या. दर सहा महिन्यांनी दुर्बीण घालून बघत राहायचं, नाहीतर तेवढा थर जाळून टाकायचा. त्यात कधी कधी नळी आक्रसते. दोन्ही रस्ते बरोबर आहेत, म्हणाल्या, आणि मग तुला नाही, मला विचारलं, "काका, तुम्हाला कशाची जास्त भीती वाटते?"

मी म्हणालो, "हिला विचारा. शिकलेली आहे."

तू वहीत लिहून आणलेले सगळे प्रश्न विचारलेस, नीट विचार करून दुर्बिणीचा रस्ता धरलास आणि मला विचारलंस, चालेल ना. मी मान डोलावली. खरं तर मला जाळून मोकळं व्हायचं होतं. दर सहा महिन्यांनी जीव टांगणीला लावून जगणं मला जमणारं नव्हतं. तेव्हा हे बोललो असतो तर तू ऐकलं असतंस, हे मला माहीत आहे.

पहिल्या तपासणीला तू बरोबर होतीस, म्हणून गेलो. मग तुझी बदली झाली. दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो, समोर चहा प्यालो आणि परत आलो. तुला फोन करून सांगितलं, सगळं ठीक आहे. तिसऱ्या वेळी तर घरातूनच हललो नाही. फोन मात्र तसाच केला. तू म्हणालीस, शाब्बास बाबा.

गाठ निघाल्यापासून तू एकच म्हणतेस, "मीच जाळून घ्या म्हणायला हवं होतं." सहा आठवडे मी ते ऐकून घेतलं. तुझ्या निवडीत खोट नव्हती, पोरी. वेळेवर गेलो असतो तर बहुतेक तेव्हाच दिसलं असतं, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. त्या दोन तपासण्या मी चुकवल्या. माझं पाप तुझ्या डोक्यावर ठेवून मी गप्प राहिलो, याची मला आजाराहून जास्त लाज वाटते.

काल पुन्हा डॉक्टरीणबाईंची तीच खोली होती. पुन्हा दोन रस्ते आहेत, औषधं देऊन मोठं ऑपरेशन किंवा ऑपरेशनशिवाय औषधं आणि किरणं. शनिवारी सांगायचंय. तू ये, वही आण, पण या वेळी आधी मी बोलणार आणि मग तुझं ऐकणार. बाईंनी काल तोच प्रश्न विचारला, कशाची जास्त भीती वाटते. मी सांगितलं, मी गेल्यावरही माझी पोर स्वतःलाच दोष देत राहील, याची. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मग आधी तिला खरं सांगा. म्हणून हे पत्र.

तुझाच,
खोटी सही केलेला बाबा