बारा पुस्तकं, एकच प्रत

दि. २ जानेवारी

प्रिय मुंगी हिस,

स. न. वि. वि. यातलं ‘विशेष’ यंदा खरंच विशेष आहे, तेव्हा चष्मा लावून वाच.

आपण शाळेत एका बाकावर बसायचो त्याला चाळीस वर्षं झाली. मी पुढं शिकले, तू सातवीनंतर घरी बसलीस आणि लग्न झाल्यावर पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागलीस. सव्वीस वर्षांत हजारो पुस्तकं तुझ्या हाताखालून गेली आणि परवा फोनवर तू खुशाल सांगतेस, की त्यातलं एकही सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलेलं नाही. बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तर यंदा आपण बारा पुस्तकं वाचायची, महिन्याला एक. आमच्या इस्पितळाच्या कर्मचारी वाचनालयाचा कारभार माझ्याकडे आहे, त्यामुळं नवीन आलेलं कोरं पुस्तक आधी माझ्याच हातात पडतं. एकच प्रत घ्यायची. पहिला पंधरवडा माझा, मग मी ते टपालानं तुला पाठवणार, तू वाचून परत धाडायचं. पुस्तकाबद्दल फोनवर एक अक्षर बोलायचं नाही, पत्रच लिहायचं. बोलताना उचलली जीभ लावली टाळ्याला होतं. लिहिताना विचार करावा लागतो.

माझी काळजी करू नकोस. चौकशीच्या खिडकीत बसते तरी अख्ख्या इस्पितळात मला वाचणारी बाई म्हणून ओळखतात. मोठे डॉक्टरसुद्धा येता-जाता विचारतात, सध्या काय वाचताय म्हणून. तुझं कुठं अडलं तर लिही, मी समजावून सांगेन.

तुझ्या मामंजींना नमस्कार. लोभ आहेच, तो यंदा पानापानानं वाढावा.

तुझी
भोंगा
(हे नाव शाळेबाहेर कुणाला कळलं तर बघ.)

दि. ५ फेब्रुवारी

प्रिय भोंगाबाईंस,

स. न. वि. वि. तुझं पुस्तक वाचून संपलं. एकोणीस दिवस लागले. हस, काय हसायचं ते.

पुस्तक हातात घेतल्याबरोबर कागद कसा आहे, शिलाई कुणी घाईत घातली आहे आणि खळ कुठं जास्त लागली आहे, ते मला कळलं. गोष्ट मात्र कळेना. मनातल्या मनात वाचलेलं डोक्यात राहीना, म्हणून मोठ्यानं वाचायला लागले. आमचे हे गेल्यापासून घरात मामंजी आणि मी दोघंच. जन्मभर कुलपं दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, की या वयात वाचून तू कुठं कलेक्टर होणार आहेस का. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओ बारीक केला. तिसऱ्या दिवशी मी बरोबर दारावर थाप पडते तिथं थांबले, कारण भाजी फोडणीला टाकायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंडसुद्धा धुतलं नव्हतं, तर मामंजी विचारतायत, दारात कोण होतं.

गोष्टीतली बाई शेवटी बहिणीला घर देऊन टाकते, ते मला पटलं नाही. पण ती रागानं देते की थकून, हे मी दोन दिवस मनात घोळवत होते. तुला काय वाटलं?

लोभ कमी करू नये. पुढचं पुस्तक जरा बारीक असलं तर बरं.

तुझी
मुंगी

दि. २६ मार्च

प्रिय मुंगी हिस,

स. न. वि. वि. तुझी दोन्ही पत्रं पोचली. अक्षर सुधारलंय.

एक सांगते, रागावू नकोस. तू गोष्टीत फार अडकतेस. कोण आलं, कोण गेलं, घर कुणाला दिलं, हे झालं शाळकरी वाचन. पुस्तकाचा आशय बघावा, लेखकाची भूमिका बघावी. मार्चचं पुस्तक परवा तुझ्याकडे रवाना केलं. त्यात जीवनाचं फार व्यापक दर्शन आहे, तेवढं लक्षात ठेवून वाच म्हणजे झालं.

आमच्याकडे नव्या परिचारिकांसाठी ‘वाचनाचं महत्त्व’ यावर बोलायला मलाच सांगितलंय. आमचे हे म्हणाले, की माइक घेऊ नकोस, भिंती नव्यानंच रंगवल्यात. या माणसाला कौतुक म्हणून नाही.

मामंजींना वाचून दाखवतेस हे छान करतेस. लोभ असू दे, आणि थोडा धाकही.

तुझी
भोंगा

दि. १८ जून

प्रिय भोंगा हिस,

स. न. वि. वि. सहावं पुस्तक चालू आहे, आता आठ दिवस पुरतात. पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं.

आमच्याकडे छापखान्यातून मोठे ताव येतात. त्यांना घड्या घातल्या, की सोळा पानांचा एक फर्मा होतो. फर्मे ओळीनं लावायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा. फर्मे बरोबर लागले का, हे आम्ही पानांचे आकडे बघून ठरवतो. सव्वीस वर्षं मी आकड्यांखेरीज काही बघितलं नव्हतं. आता घडी घालता घालता नजर ओळीवर जाते, आणि वाक्य अर्धं सोडवत नाही.

परवा मालकांनी पकडलं. सगळ्या बायकांसमोर म्हणाले, की इथं हात कामाला ठेवलेत, डोळे नाहीत. पुन्हा दिसलं तर दुसरीकडे काम बघायचं. मी पुढच्या तावाला घडी घातली. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार, आणि माझ्या पगाराशिवाय या घरात दुसरा पगार येत नाही. आता मी फक्त घरी वाचते. मामंजी म्हणाले, की मालकाला म्हणावं घरी ये, मी किल्ली न लावता त्याचं डोकं उघडून दाखवतो.

लोभ आहे म्हणून हे लिहिलं, आणखी कुणाला बोलले नाही.

तुझी
मुंगी

दि. ९ ऑगस्ट

प्रिय भोंगा हिस,

स. न. वि. वि. सोबत एक शिवलेलं पुस्तक पाठवते आहे. पुठ्ठा नाही त्याला. मला लवकर उत्तर हवं.

ही कादंबरी सध्या आमच्याकडे बांधायला आली आहे, दोन हजार प्रती. डागाळलेले ताव मालक घरी नेऊ देतात, त्यातून मी दोन संच जमवले आणि रीतसर विचारून आणले. म्हटलं, ऑगस्टचं पुस्तक माझ्याकडून. होड्या बांधणाऱ्या दोन भावांची गोष्ट आहे. एकशे तेरा पानावर थोरला तापानं मरतो. धाकट्याची बायको त्याच्या उशाशी बसलेली असते. मामंजींनी डोळे पुसले. मग एकशे एकोणतीस पानावर नवीन प्रकरण सुरू होतं, तर थोरला मजेत फळीवर रंधा मारतोय आणि धाकट्यासाठी मुलगी बघायला जायचं म्हणून वाद घालतोय. मुलगी तीच, जी आधीच्या पानावर सून होऊन उशाशी बसली होती.

प्रकरणांना आकडे नाहीत, नुसतं एक फूल छापलंय. पानांचे आकडे मात्र ओळीनं बरोबर आहेत. म्हणजे बांधणीत चूक नाही. छापखान्यात पानं लावतानाच दोन प्रकरणं उलटी लागली असावीत, असं मला वाटतं. चारशे प्रतींना पुठ्ठा चढलाही आहे.

आता मी काय करू? मालकांना सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, की तू वाचलंसच का. आणि माझं चुकत असलं तर? सातवी शिकलेली बाई मी. लेखकांना असंच लिहायचं असेल आणि मलाच कळत नसेल, तर कामही जाईल आणि वर हसं होईल. तू ती दोन प्रकरणं वाच आणि मला सांग.

लोभ या वेळी जरा घाईनं पाठव.

तुझी
मुंगी

दि. १२ ऑगस्ट

प्रिय मुंगी हिस,

स. न. वि. वि. तुझं पत्र आणि पुस्तक दोन्ही मिळालं. वाचलं. घाबरू नकोस, त्यात काही चूक नाही.

हल्ली लेखक सरळ गोष्ट सांगत नाहीत. काळ पुढंमागं करतात. मेलेली माणसं बोलतात, चालतात, रंधासुद्धा मारतात. याला प्रयोग म्हणतात. आपल्यासारख्यांना नवीन वाटतं, पण रोज वाचणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. तू मालकांकडे गेलीस तर हात दाखवून अवलक्षण होईल. तेव्हा गप्प बस आणि घड्या घाल, हेच मैत्रीण म्हणून सांगते.

सप्टेंबरचं पुस्तक वेळेवर पाठवते. लोभ आहे, म्हणूनच दटावते.

तुझी
भोंगा

दि. २ सप्टेंबर

प्रिय भोंगा हिस,

स. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं त्याच सकाळी मी मालकांच्या खोलीत गेले. तुझं ऐकलं नाही, राग मानू नकोस.

मी आधीच सांगून टाकलं, की हे मी घरी वाचलंय, कामावर नाही, आणि माझं खोटं निघालं तर उद्यापासून मी येणार नाही. मग ती दोन पानं समोर ठेवली. मालकांनी आकडे बघितले आणि म्हणाले, की बरोबर तर आहेत. मी म्हटलं, आकडे बरोबर आहेत, माणूस मेलेला आहे. मग त्यांनी तिथंच बसून वाचायला घेतलं. मी उभी. भोंगा, कारखान्यात काम सोडून वाचत बसलेला मनुष्य मी पहिल्यांदाच बघितला आणि तो मालक होता.

छापखान्यात फोन केला तर ते आकड्यांवरच अडून बसले. मग लेखिकेला फोन गेला. ती निवृत्त शिक्षिका आहे, आपल्याहून वीसेक वर्षांनी मोठी. दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीत हस्तलिखित घेऊन स्वतः आली. पानं पडताळली आणि खुर्चीत बसलीच. म्हणाली, की मुद्रितं मी तीनदा तपासली, पण शुद्धलेखन बघत होते, गोष्ट मला पाठच होती. मग विचारलं, की हे कुणी शोधलं. मालकांनी माझ्याकडे बोट केलं. ती म्हणाली, की बारा वर्षं मी हे पुस्तक लिहीत होते आणि ते पहिल्यांदा वाचलं तुम्ही. माझे हात खळीनं भरलेले होते, तसेच तिनं हातात घेतले.

मला रडू आलं, आणि अभिमानही वाटला. आजवर कुणी मला शाबासकी दिली ती हातांना दिली होती.

दोनच फर्मे पुन्हा छापावे लागले. चारशे प्रती आम्ही बायकांनी उसवून परत शिवल्या. आता मालकांनी नियम केला आहे. कुठलंही काम आलं, की एक संच आधी माझ्या टेबलावर येणार. मी वाचून सही करणार आणि मगच शिलाई सुरू होणार. मला पाठ असलेली खुर्ची दिली आहे. मामंजी रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगतात, की आमच्या सूनबाईच्या सहीशिवाय पुस्तक होत नाही.

लोभ ठेव, माझ्या हट्टासकट.

तुझी
मुंगी

दि. २० सप्टेंबर

प्रिय मुंगी,

स. न. वि. वि. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तीन उत्तरं लिहिली आणि फाडली.

मी ती प्रकरणं वाचली नव्हती. तुझं पुस्तक आलं तेव्हा पहिली दहा पानं चाळली आणि तुला उत्तर ठोकून दिलं. इतकंच नाही, मार्चपासूनचं एकही पुस्तक मी पुरं केलेलं नाही. घरी आले की डोळे मिटतात, आणि वाचणारी बाई म्हणून इतकं नाव झालंय, की वाचत नाही असं सांगायची सोय उरली नव्हती. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले मी. पण माझी फुशारकी वाचवायला तुला गप्प बस म्हटलं, ही लाज मला जन्मभर पुरेल. तू ऐकलं असतंस तर ते पुस्तक तसंच लोकांत गेलं असतं आणि तू आयुष्यभर स्वतःला अडाणी समजत राहिली असतीस.

आता दुसरं. तुझी हकिगत मी खिडकीत बसून सगळ्यांना सांगितली. माझा आवाज तुला माहीत आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या पेशंटपर्यंत पोचली. मोठ्या डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, की सध्या काय वाचताय. मी म्हटलं, मी काही वाचत नाही, वाचते ती माझी मैत्रीण. इतक्या अभिमानानं मी आजवर काही बोलले नव्हते.

वाचनालयातून जानेवारीचं पुस्तक पुन्हा काढलंय. ती बहिणीला घर देते ते थकून देते, रागानं नाही. काल कळलं.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी
भोंगा

दि. २८ डिसेंबर

प्रिय भोंगा हिस,

स. न. वि. वि. काल बारावं पुस्तक वाचून संपवलं. मामंजींनी पुढच्या वर्षाची यादी मागितली आहे.

सप्टेंबरपासून एक गोष्ट सांगायची राहिली. तू वाचत नाहीस हे मला मार्चपासूनच माहीत होतं. अगं, मी बांधणीवाली. कोरं पुस्तक उघडून वाचलं, की तेवढ्या पानांपुरता कणा सैल पडतो. मार्चचं तुझं पुस्तक साठाव्या पानापर्यंत सैल होतं आणि पुढं ताठ. एप्रिलचं तिसाव्या पानापर्यंत. मे महिन्याचं तर मीच पहिल्यांदा उघडलं. मी बोलले नाही, कारण तू समजावून सांगणार म्हणून मी नीट वाचून ठेवत होते. बोलले असते तर तू पत्रं लिहायचं थांबवलं असतंस आणि मीही वाचायचं.

म्हणूनच ऑगस्टमध्ये तुझं ऐकलं नाही. पत्र हातात धरून मी म्हटलं, की हिनं ती पानं उघडलेली नाहीत. म्हणजे आपल्या दोघींत ती फक्त मीच वाचली आहेत, आणि सांगायचं तर मलाच सांगावं लागणार. मालकांच्या खोलीत जायचं ठरलं ते तेव्हाच.

डिसेंबरचं पुस्तक तू या महिन्यात पाठवलंस, चारशे बारा पानांचं. टपालाचं पाकीट फोडलं आणि सवयीनं आधी कणा दाबून बघितला. शेवटच्या पानापर्यंत सैल होता. मी ते मामंजींच्या हातात दिलं आणि म्हटलं, बघा, हे माझ्या मैत्रिणीनं वाचलंय.

लोभ आहे, आता तो मोजायला नको.

तुझी
मुंगी